सिझलर आणि सम

हॉटेलात गाणाऱ्याबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक कीव करणारा आणि दुसरा नाक मुरडणारा. "गळा चांगला होता हो, पण शेवटी हॉटेलात गायला लागला" हे ज्या चालीवर म्हणतात, त्याच चालीवर "शेवटी बाटलीच्या नादी लागला" हेही म्हणता येतं. दोन्ही सुरांच्या तळाशी एक सिद्धान्त आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे की मांडून दाखवण्याचे कष्टही कुणी घेत नाही. मांडायचाच तर तो असा: संगीत एकाग्र होऊन ऐकायचं असतं. जिथे काटेचमचे खणखणतात, गप्पा रंगतात, कोपऱ्यातल्या टीव्हीवर सामना चालू असतो, तिथे एकाग्रता नसते. एकाग्रता नाही तिथे ऐकणं नाही, आणि ऐकणं नाही तिथे कला नाही. सबब बारमध्ये किंवा रेस्टॉरंटात गाणारा हा एकतर पोटासाठी पडेल ते करणारा बिचारा, नाहीतर सभागृहापर्यंत पोचण्याची कुवत नसलेला.

याचं खंडन करायचं तर आधी हा पूर्वपक्ष नीट उभा केला पाहिजे. पडक्या भिंतीला धक्का देण्यात कसला पराक्रम?

या पक्षाकडे साक्षीदार भारी आहेत. थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताने १९३८ साली ऐकण्याच्या अधोगतीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, बाजारू संगीताने माणसाची सलग ऐकण्याची ताकदच मारून टाकली. आता तो तुकडे ऐकतो. ओळखीचा तुकडा आला की सुखावतो आणि पुन्हा आपल्या नादात जातो. बारमधल्या गिऱ्हाइकाचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण. दुसरा साक्षीदार त्याहून वजनदार, कारण त्याची हयात क्लबांमध्येच गेलेली. चार्ल्स मिंगस, जॅझमधला थोर बासवादक आणि रचनाकार. १९६० साली त्याने एक तबकडी केली, तीही स्टुडिओत, समोर गिऱ्हाईक नसताना. तरी त्यात तो क्लबातल्या कल्पित मंडळींना बजावतो, की टाळ्या नकोत, ग्लासातला बर्फ हलवू नका, गल्ल्याची घंटी वाजू देऊ नका. माणूस किती पिडलेला असेल, की रिकाम्या स्टुडिओतही त्याला बर्फाचा आवाज आठवावा!

आपल्याकडचे साक्षीदार तर विचारूच नका. समोर कुणी कुजबुजलं म्हणून तंबोरे खाली ठेवून उठलेल्या बुवांच्या आणि खाँसाहेबांच्या गोष्टी घराण्याघराण्यांत आहेत. त्या सांगताना सांगणाऱ्याचीच छाती फुगते.

आता उत्तरपक्ष.

पहिला दोष अव्याप्तीचा. शांतपणे ऐकलं जातं तेच संगीत, हे लक्षण धरलं तर ज्या युरोपकडे बोट दाखवून आपण शांततेचे धडे देतो, त्याच युरोपचा ऐवज बाहेर पडतो. टेलेमानने १७३३ साली हॅम्बुर्गमध्ये जो वाद्यरचनांचा संग्रह काढला, त्याच्या नावातच जेवणाचं मेज आहे. वर्गणी भरून तो विकत घेणाऱ्यांत हँडेल होता. मोत्सार्टने 'डॉन जिओव्हानी'त (१७८७) नायकाला रंगमंचावर जेवायला बसवलं आणि शेजारी वादकांचा ताफा उभा केला. ते वादक त्या वेळच्या गाजलेल्या ऑपेरांमधल्या चाली वाजवतात, आणि त्यांत शेवटी मोत्सार्टच्याच 'फिगारो'तली एक येते. ती ऐकून नोकर वैतागल्यासारखा शेरा मारतो. मेजवानीच्या संगीतात काय चालतं, कोणती चाल लोकांना पाठ झाली आहे, कशाचा त्यांना कंटाळा आलाय, हे मोत्सार्टला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो ही थट्टा करू शकला.

आणि घरचं काय? पंगतीत श्लोक म्हणण्याची आपली चाल विसरलो का आपण? वाढपी फिरताहेत, भाताची मूद पडली आहे, वरणावर तूप येतंय, आणि एखादे आजोबा खड्या आवाजात श्लोक उचलतात. समोर पानं मांडलेली असताना आवाज लावायचा, आणि अख्ख्या पंगतीचा जयघोष घेऊन थांबायचं. लग्नकार्यालयाच्या दारात सनई-चौघडा वाजतो तो काय पिन पडली तर ऐकू येईल अशा शांततेत? आणि ज्यांना हॉटेलातल्या गाण्याचा सर्वांत जास्त तिटकारा, त्या आमच्या पुणेकर रसिकांना सवाई गंधर्व महोत्सवात पाहावं. मांडवाच्या कडेला खाण्याच्या स्टॉलांपाशी उभं राहून, हातात वड्याची प्लेट घेऊन, लाउडस्पीकरवरून येणाऱ्या मारव्याला ते डोळे मिटून दाद देत असतात. तिथे कुणी म्हणत नाही की वडा आला म्हणून मारवा गेला.

निश्चल, मूक श्रोता ही तशी अलीकडची वस्तू आहे. युरोपात तो एकोणिसाव्या शतकात घडवला गेला. आपल्याकडे तिकीट काढून, ओळीत बसून, वेळेवर सुरू होणारं गाणं ऐकण्याची शिस्त विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजली. विष्णु दिगंबर पलुस्करांसारख्यांनी संगीताला दरबारातून आणि कोठ्यावरून सोडवून मध्यमवर्गाच्या घरात आणण्याचा चंग बांधला, त्या खटपटीचा तो भाग. खटपट मोठी होती, तिची थोरवी मी कमी करत नाही. पण तिच्यापूर्वीची मैफल विडे, अत्तर, हुक्का, येणंजाणं या सगळ्यांत रंगत होती, आणि त्याच मैफलीने आजची घराणी दिली. शिवाय अजूनही आपला श्रोता मूक कुठे आहे? समेला 'वा' आलं नाही तर गवयाला धडकी भरते.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, दाद म्हणजे लक्षच की, गोंगाट वेगळा. कबूल. पण मग वाद शांततेचा राहिला नाही, लक्षाचा झाला. शांत माणसाचं लक्ष असतंच असं नाही. सभागृहात तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून डोळे मिटलेले गृहस्थ समाधीत आहेत की झोपेत, हे फक्त त्यांच्या पत्नीला ठाऊक असतं. उलट बारमध्ये बोलता बोलता मध्येच थबकलेल्या माणसाचं लक्ष खरं असतं, कारण ते देण्याची त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. अडोर्नोचा मित्र वाल्टर बेन्यामिन याने १९३६च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच धागा धरला होता. इमारत आपण तिच्यासमोर उभं राहून न्याहाळतो ती क्वचित. एरवी तिच्यात वावरता वावरता, सवयीने, लक्ष दुसरीकडे असताना ती आपल्यात मुरते. अडोर्नोचा १९३८चा निबंध हे बऱ्याच अंशी त्याला दिलेलं उत्तर होतं. दोघांपैकी माझा कौल कुणाला हे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष पुरावा. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवादक बिल एव्हन्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट झाले आणि ते सगळे ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात लाफारो मोटार अपघातात गेला, म्हणून त्या रविवारला आणखी मोल आलं. त्यातून निघालेल्या दोन तबकड्या जॅझमधल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणांत गणल्या जातात. त्या जरूर ऐकाव्यात आणि कान देऊन ऐकाव्यात. ग्लास किणकिणतात, लोक बोलतात, हसतात. आणि या तिघांनी त्यावर मात करण्यासाठी आवाज चढवलेला नाही. उलट ते इतकं हलकं वाजवतात की दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत तो किणकिणाट येऊन बसतो. मिंगसने जे हटवायला सांगितलं तेच इथे आहे, आणि कलेचं काही बिघडलेलं नाही. मिंगसची साक्ष खोटी आहे असं नव्हे. ती एका थकल्या, संतापी, फार मोठ्या कलावंताची तक्रार आहे. तक्रार म्हणजे सिद्धान्त नव्हे, एवढंच.

याच्या उलटा प्रयोग एरिक सातीने करून पाहिला. हा फ्रेंच रचनाकार तिरपागडा. त्याला असं संगीत हवं होतं जे कुणी ऐकूच नये, टेबल-खुर्चीसारखं खोलीत नुसतं असावं. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या एका कलादालनात नाटकाच्या मध्यंतरात त्याने आणि दारियुस मियोने तो खेळ लावला. वादक वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवले आणि प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवलं की लक्ष देऊ नका, फिरा, बोला, प्या. झालं काय? सूर निघताच लोक आपापल्या जागी परतले आणि गप्प बसून ऐकायला लागले. साती खोलीभर ओरडत फिरला, की अहो बोला, ऐकू नका! कुणी ऐकेना, म्हणजे सगळे ऐकायलाच लागले. हॉटेलात कुणी ऐकत नाही म्हणणाऱ्यांनी या संध्याकाळचा विचार करावा. जिवंत माणूस समोर वाजवतोय म्हटल्यावर कान तिकडे जातोच. तो टिकवायचा कसा, हा पुढचा प्रश्न, आणि तो हुनराचा आहे.

तो हुनर मुंबईत कुठे शिकवला गेला? १९३५ साली लिऑन ॲबी या आफ्रिकी-अमेरिकी वादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, नंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांना ऐकत, त्यांच्याशेजारी बसून वाजवत गोव्याची पोरं तयार झाली. नोटेशन वाचायला ती गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्यांकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, शिकलीच होती. हॉटेलाने त्यांना उरलेलं शिकवलं. हळदोण्याचा आंतोनियो शाविएर वाझ, मुंबईत चिक चॉकलेट म्हणून गाजलेला ट्रम्पेटवादक, हा त्यांचा मेरुमणी. १९४९च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली तरी चर्चगेट परिसरातल्या रेस्टॉरंटांमधले बँड बंद पडले नाहीत. लोक कॉफी पीत ऐकत राहिले. या संगीताचा प्राण दारूत आहे असं मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

पुणतांब्याच्या राम चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, या हॉटेलवाल्यांना चित्रपटसंगीतात हात धरून आणलं. भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) लावून पाहा, चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. त्या गाण्यांची उसळी, ट्रम्पेटचे ते फटकारे, गायिकेच्या ओळीमागे येणारी छोटी उत्तरं, हे सगळं संध्याकाळी डान्स फ्लोअरसमोर घासून घासून आलेलं आहे. पुढे दोन-तीन दशकं हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आणि अरेंजरांच्या खुर्चीत गोमंतकीय वादकांचा जो दबदबा होता, त्याचं श्रेय नेहमी त्यांच्या नोटेशनच्या ज्ञानाला दिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं. माझा तर्क असा, की जेवणाऱ्यांच्या गप्पांखाली वर्षानुवर्षं वाजवलेल्या माणसाला नटाच्या संवादाखाली कसं वाजवायचं हे शिकवावं लागत नाही. कुठे मागे सरायचं, कुठे एका फ्रेजने वर यायचं, हे त्याच्या बोटांत बसलेलं असतं.

कोंकणी गायिका लॉर्ना कोर्देरो हिचं गाणं घ्या. संगीतकार क्रिस पेरीच्या रचनांमधलं ते धारदार, पितळी संगीत नाइटक्लबात तावून सुलाखून निघालं आणि मग गोव्यातल्या घराघरांत गेलं. किंवा मुंबईत जन्मलेल्या उषा उथुप. १९६९ साली मद्रासच्या माउंट रोडवरच्या एका तळघरातल्या नाइटक्लबात त्या प्रथम गायल्या, पुढे कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाजमध्ये. कांजीवरम नेसून, कपाळाला ठसठशीत टिकली लावून, जिथे बाई गाते म्हटल्यावर लोकांची अपेक्षा वेगळीच असायची तिथे. इतक्या भाषांमधून गाण्याची त्यांची सवय मला याच शाळेतली वाटते. पाच टेबलांवर पाच मातृभाषा बसल्या असतील तर गायिका आणखी काय करणार?

मोठी नावं सोडून आता जवळ येऊ. ठाण्यातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटात शनिवार-रविवार गाणारा एक गायक मी अनेकदा ऐकला आहे. दिवसा तो कुठेतरी अकाउंट्स सांभाळतो. साथीला फक्त कीबोर्डवाला. मंच म्हणजे भिंतीलगतची वीतभर उंचीची फळी. एका अंगाला किचनचं झुलतं दार, दुसऱ्या अंगाला हात धुवायचं बेसिन, समोर टीव्ही. हल्ली बहुतेकजण तयार ट्रॅकवर गातात, हा गात नाही. का, म्हणून विचारलं. म्हणाला, "ट्रॅक थांबत नाही, आणि सिझलर सांगून येत नाही."

हे वाक्य मला या विषयावरच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा मोलाचं वाटतं. दार उघडतं, वेटर तापल्या तव्याची थाळी घेऊन निघतो, ती फुसफुसत, धूर सोडत साऱ्या खोलीतून जाते. माना वळतात. पण माना वळणं हा त्रासाचा लहान भाग. सिझलरचा फुस्स हा आवाज वरच्या पट्टीत पसरलेला असतो, आणि भाषेतले स, श, च, त हे वर्णही तिथेच राहतात. म्हणजे ती थाळी जाईपर्यंत सूर ऐकू येतो, शब्द मरतात. आमचा गायक तेवढ्यात दोन बोटं उचलतो. कीबोर्डवाला मधला तुकडा पुन्हा फिरवतो, गरज पडली तर तिसऱ्यांदा. थाळी टेबलाला टेकते, फुसफुस ओसरते, आणि मग अंतरा उठतो. थाळी नेमकी समेवर टेकली तर दोघं एकमेकांकडे बघून हसतात. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच जाणवतं, की आज गाणं छान लागलंय.

वाढदिवसाचा केक येतो तेव्हा त्याची गंमत पाहावी. टेबलावरची मंडळी आपल्याच कुठल्यातरी पट्टीत 'हॅपी बर्थडे' सुरू करतात. कीबोर्डवाला सर्वांत मोठा आवाज असलेल्या काकूंची पट्टी हुडकतो, काळी दोन म्हणा, त्यात कॉर्ड धरतो आणि त्यांना सांभाळून घेतो. टाळ्या संपायच्या आत त्याच पट्टीत, त्याच लयीत पुढचं गाणं सुरू झालेलं असतं. टाळ्या तशाच चालू राहतात, आता त्या गाण्याच्या असतात. सामन्याशी भांडायचं नाही हा गायकाचा दुसरा नेम. शेवटची षटकं आली की शब्द बंद, नुसती वाद्यावर एखादी जुनी चाल. षटकार बसला तर एक रोल. टिश्यू पेपरवर लिहून आलेल्या फर्माइशी तो आल्या क्रमाने घेत नाही, पट्टी आणि लय बघून लावतो, म्हणजे रात्र चढत जाते. माइक मागायला येणाऱ्या काकांना तो नाही म्हणत नाही. मुखडा त्यांना देतो, आणि पायाशी ठेवलेल्या मिक्सरवर त्यांचा आवाज हळूच खाली आणतो.

ही विद्या नाही तर काय आहे? सभागृहातल्या गायकाला यातलं काही येण्याची गरज पडत नाही, म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. तमाशाच्या ढोलकीफडावर शिट्ट्यांच्या गदारोळात उभी राहणारी गायिका हीच विद्या वेगळ्या अंगाने जाणते, आणि तिच्याबद्दल आता आपण शोधनिबंध लिहितो.

यामागचं शास्त्रही पाहण्यासारखं आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलं, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या घरात असतं. भरलेलं रेस्टॉरंट ८०च्या आसपास सहज जातं, कारण प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर चढतं. अशा वेळी अडाणी गायक काय करतो? आवाज वाढवतो. मग टेबलं आणखी चढतात, मग तो आणखी वाढवतो, आणि अकरा वाजेपर्यंत सगळ्यांचीच डोकी दुखायला लागतात. जाणता गायक उतरतो. तो जाणतो की खोलीतल्या सगळ्या आवाजांपैकी बटणावर चालणारा आवाज फक्त त्याचा आहे. खर्जाचा भागही तो कापतो, कारण खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकतात. बास फुगवला की शब्द बुडालेच.

आणि ही युक्ती ठाण्याची नव्हे. १७७८ साली पॅरिसमध्ये मोत्सार्टने हेच केलं आणि बापाला पत्रातून कळवलं. तिथल्या श्रोत्यांना शेवटचा भाग सगळ्या वाद्यांच्या दणक्याने सुरू व्हायची सवय, हे त्याने ऐकलं होतं. त्याने तो नुसत्या व्हायोलिनांवर, अगदी हलका सुरू केला. त्याच्या अटकळीप्रमाणे लोकांनी एकमेकांना गप्प केलं, आणि लगेच दणका आला तशा टाळ्या पडल्या. भर कार्यक्रमात! म्हणजे पॅरिसचा तो श्रोता आणि ठाण्याचा सिझलरवाला एकाच जातकुळीचे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरीने १९५३ साली अभ्यासलेली गोष्टही इथे लागू पडते. गर्दीत अनेक आवाज चालू असताना कान त्यातला एक वेगळा काढू शकतो, आणि तो कुठल्या दिशेने येतो याची त्याला मोठी मदत होते. आता आपल्या हॉटेलमालकांचं काम पाहा. गायक कोपऱ्यात आणि त्याचा आवाज छतातल्या बारा स्पीकरांतून, म्हणजे कुठूनच नाही आणि सगळीकडून. कानाला धरायला दिशाच उरत नाही. मग गाणं ऐकू येऊनही ऐकलं जात नाही, आणि खापर फुटतं गायकाच्या आणि खाणाऱ्यांच्या डोक्यावर.

इथे मी पूर्वपक्षाला थोडं देणं लागतो. सगळं संगीत सगळीकडे होत नाही. विलंबित ख्यालाची बढत, जिथे एकेका स्वराला श्रोत्याच्या मनात मुरायला वेळ लागतो, ती सिझलरसमोर मांडू नये. मांडणारा मूर्ख ठरेल. पण यातून रेस्टॉरंटातलं गाणं खालचं, असं कसं निघतं? यातून एवढंच निघतं की ख्यालाची जागा वेगळी. चिक चॉकलेटला दादरच्या छोट्या खासगी बैठकीत ट्रम्पेट फुंकायला लावला असता तर तोही विजोडच दिसला असता.

आणि बारमध्ये शांतता हवीच असेल तर ती करता येते. बिली हॉलिडेने १९३९ साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत 'स्ट्रेंज फ्रूट' गायला सुरुवात केली. कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारण्याच्या प्रकारांवरचं ते गाणं. मालक बार्नी जोसेफसनने नियम केला, की ते शेवटी होईल, त्याआधी वेटर वाढणं थांबवतील, दिवे जातील, फक्त तिच्या चेहऱ्यावर उजेड राहील. माणसं तीच, टेबलं तीच, ग्लास तेच. फरक एका मालकाच्या समजुतीचा. म्हणून माझा रोख खाणाऱ्यांवर नाहीच. गायकाला बेसिनशेजारी उभा करून वर टीव्ही लावून ठेवणारा मालक, आणि 'तुमची पब्लिसिटी होईल' म्हणून त्याच्या रात्रीच्या पैशांत घासाघीस करणारा मॅनेजर, हे खरे आरोपी आहेत. आपला तुच्छतेचा सिद्धान्त त्यांच्या फार सोयीचा आहे. जी कलाच नाही तिला मॉनिटर कशाला आणि मानधन कशाला?

कायद्यालाही तो सोयीचा पडला. न्यूयॉर्कमध्ये क्लबात वाजवायला १९६७पर्यंत पोलिसांचं कार्ड लागत असे. थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ साली गेलं, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत अफलातून पियानोवादकांपैकी एक आपल्याच शहरातल्या क्लबांना सहा वर्षं पारखा झाला. १९५७ साली ते परत मिळालं, आणि फाइव्ह स्पॉट या बारमध्ये तो जॉन कोल्ट्रेनला घेऊन बसला. त्या महिन्यांनी जॅझची पुढची वाट ठरवली, असं जाणकार मानतात. बारमध्ये, बरं का.

महाराष्ट्राची कथा आणखी गुंतागुंतीची. डान्सबारवरची २००५ची बंदी उच्च न्यायालयाने २००६ साली रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निकाल कायम केला, हे सगळ्यांना आठवतं. त्या गदारोळात ऑर्केस्ट्रा बारमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची दखल फारशी कुणी घेतली नाही. मुंबईत त्यांच्या परवान्यात अट होती, की मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष, याहून जास्त नाहीत. एखाद्या ताफ्यात पाच गायिका आणि तीन वादक असले तर तो गुन्हा. ताफ्याची बांधणी गाणं ठरवतं, तबल्याबरोबर ढोलकी लागते की नाही हे चाल ठरवते, असं परवाना लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. कारण तिथे संगीत चालतं हेच मुळात त्याला मान्य नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही स्त्री-पुरुषांची वाटणी घटनाबाह्य ठरवली. मंचावर आठही स्त्रिया असू शकतात, आठही पुरुष. आठाचा आकडा मात्र न्यायालयाने राहू दिला. चिक चॉकलेट आपला डान्स बँड घेऊन आज अशा परवान्याच्या मंचावर चढायला आला असता, तर आधी दारात त्याची माणसं मोजली गेली असती.